चुका शोधण्याची विद्या

संगणकावर पहिलीच आज्ञावली लिहिणाऱ्या मुलाची आज्ञावली चालली नाही, की त्याच्या मनात एकच विचार येतो, ‘आपल्याला हे जमणार नाही.’ शिक्षकालाही पुष्कळदा तसेच वाटते. एखादे अक्षर चुकते, मोजणी एकाने कमीजास्त होते, एखादी आज्ञा भलत्या जागी पडते. या चुका फार जुन्या आहेत. त्या करणाऱ्या पहिल्या शिकाऊंमध्ये केंब्रिज विद्यापीठातले नामवंत संशोधक होते, हे मुलांना जरूर सांगावे.

केंब्रिजच्या गणित प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एडसॅक’ नावाचा संगणक बांधला. त्यात सुमारे ३००० व्हॉल्व्ह होते. आकडे साठवण्यासाठी पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्या होत्या. त्या पाऱ्यातून ध्वनिलहरींचे ठोके फिरत राहत, आणि ते ठोके हीच संगणकाची स्मृती. हे यंत्र सेकंदाला सुमारे ६५० आज्ञा पाळत असे. आज्ञा कागदी पट्टीवर भोके पाडून द्यायच्या. बेरजेला एक अक्षर, वजाबाकीला दुसरे, साठवायला तिसरे, अशी त्यांची भाषा होती. ६ मे १९४९ रोजी एडसॅकने आपली पहिली आज्ञावली पार पाडली आणि ० ते ९९ या संख्यांचे वर्ग छापून दिले. (या संख्या एकूण किती, असे वर्गात विचारून पाहा. ९९ म्हणणारे हमखास निघतात. शिकाऊ आज्ञावलीकाराची सर्वांत नेहमीची चूक हीच आहे.)

त्या काळी बिघाड म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे यंत्र येई. व्हॉल्व्ह जातो, तार सुटते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या संगणकात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पण यंत्र ठणठणीत असताना आपलाच विचार वारंवार चुकेल, अशी फारशी कोणाची अपेक्षा नव्हती. आज्ञावली नीट विचार करून लिहिली की ती चालणारच, असे वाटत होते.

हा समज लवकरच मोडला. विल्क्स यांनी एडसॅकसाठी ‘एअरी’ या नावाच्या गणिती फलाची किंमत काढणारी एक आज्ञावली लिहिली. ती जेमतेम १२६ ओळींची होती. तिची एक जुनी पट्टी पुढे इतिहासकारांच्या हाती लागली, तेव्हा तीत सुमारे २० चुका आढळल्या. म्हणजे सरासरी दर सहा ओळींमागे एक! विल्क्स यांनी पुढे आत्मचरित्रात त्या दिवसांविषयी लिहिले आहे. आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच आज्ञावलीतल्या चुका शोधण्यात जाणार, हे त्यांना एकदा जिना चढताना अगदी स्पष्टपणे जाणवले होते.

यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे. चुका होणारच असतील, तर त्या शोधण्याच्या पद्धती बसवल्या पाहिजेत आणि त्या इतरांना शिकवल्या पाहिजेत.

सुरुवातीची पद्धत साधी होती. यंत्रापुढे बसायचे, एकेक आज्ञा चालवायची आणि पडद्यावरच्या ठिपक्यांवरून आत काय चालले आहे ते ओळखायचे. यात यंत्राचा वेळ फार जाई आणि रांगेतले बाकीचे ताटकळत. म्हणून दुसरे उपाय निघाले. आज्ञावली मध्येच बंद पडली, तर त्या क्षणी स्मृतीत काय काय होते ते छापून घ्यायचे आणि कागद घेऊन टेबलाशी जाऊन बसायचे. या उपायाला त्यांनी शवविच्छेदनाचेच नाव दिले होते! स्टॅन्ली गिल यांनी आणखी एक युक्ती केली. आज्ञावली चालत असताना प्रत्येक आज्ञेचे अक्षर ओळीने छापले जाईल, अशी तपासणीची आज्ञावली त्यांनी लिहिली. छापील माग आणि मनातला क्रम शेजारी ठेवले, की दोघांची फारकत नेमकी कुठे झाली ते दिसे. गिल यांनी १९५१ साली यावर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला.

तिसरा उपाय डेव्हिड व्हीलर यांचा. वर्गमूळ काढण्यासारखी कामे प्रत्येकाने नव्याने लिहिली, तर प्रत्येक जण नव्याने चुकणार. म्हणून तपासून पक्के केलेले तुकडे पट्ट्यांवर तयार ठेवायचे. पण असा तुकडा आज्ञावलीत तीन ठिकाणी वापरायचा असेल, तर काम संपल्यावर परत कुठे जायचे हे त्याला कसे कळणार? व्हीलर यांनी जाताना परतीचा पत्ता सोबत देण्याची सोय केली. मग त्यावरून तो तुकडा स्वतःची परतण्याची आज्ञा स्वतःच तयार करी. १९५१ पर्यंत असे ८७ तुकडे संग्रहात जमले होते.

त्याच वर्षी विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी आज्ञावली कशी लिहावी यावर पुस्तक काढले. १९५० पासून केंब्रिजला उन्हाळी वर्गही भरू लागले. १९५१ च्या वर्गात हॉलंडहून एड्सखर डाइक्स्ट्रा हा भौतिकीचा विद्यार्थी आला होता. पुढे तो संगणकशास्त्राचा मोठा आचार्य झाला. चाचणीने चूक आहे एवढे कळते, चूक नाही हे कधीच सिद्ध होत नाही, असे तो आयुष्यभर सांगत राहिला.

आता आपल्या वर्गात येऊ. १ ते १० या संख्यांची बेरीज करणारी आज्ञावली मुलांना लिहायला दिली. उत्तर ५५ यायला हवे. एका मुलीचे उत्तर ४५ आले, दुसऱ्या मुलाचे १०. दोन्ही वह्यांवर फुली मारली तर दोघे सारखेच चुकले असे होते. पण ४५ ही १ ते ९ ची बेरीज आहे. मुलीचे आवर्तन एक फेरी आधीच थांबले आहे. मुलाचे १० हे बहुधा वेगळे दुखणे आहे. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला बेरीज पुन्हा शून्य होत असावी, म्हणून फक्त शेवटची संख्या उरली. दोघांनाही गिल यांचा उपाय सांगावा: प्रत्येक फेरीअखेर बेरीज छापून पाहा. मुलीला १, ३, ६, १० असे होत ४५ वर थांबलेली ओळ दिसेल. मुलाला १, २, ३, ४ असे नुसते आकडे दिसतील. कुठे बिघडले ते मग दोघे आपणच सांगतील.

आम्हाला वाटते, गुण देताना या शोधालाही काही गुण ठेवावेत. पहिल्याच फटक्यात ५५ आणणारा विद्यार्थी हुशार असेलही. पण ४५ का आले हे सांगू शकणारी मुलगी, दर सहा ओळींमागे एक चूक करणाऱ्या विल्क्स यांना शिकावे लागले, तेच शिकली आहे.