काळा पडदा आणि एक बीप

तर झालं असं की गेल्या शनिवारी घरी गेलो, तर बाबांचा जुना डेस्कटॉप रुसून बसलेला. म्हणजे बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने एका मिनिटात निकाल दिला होता, "बोर्ड गेला काका. हा डबा एक्स्चेंजमध्ये द्या, नवीन घ्या." बाबा जवळजवळ तयारही झाले होते. त्या डब्यात आजोबांच्या वह्या होत्या, बाबांनी रिटायर झाल्यावर एकेक पान करून टाईप केलेल्या. बॅकअप अर्थातच नाही.

"अरे, सगळं गेलं का?" बाबांनी विचारलं.

डिस्क बहुतेक शाबूत असणार हे मला माहीत होतं. पण बिघाड कुठे आहे? पडदाच बंद असेल तर कॉम्प्युटरने सांगायचं तरी कसं?

गंमत म्हणजे हाच प्रश्न १९८१ साली आयबीएमच्या इंजिनिअर्सनाही पडला होता. ऑगस्ट १९८१ मध्ये त्यांचा पीसी, मॉडेल ५१५०, बाजारात आला. आत ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसर. पण पडद्यावर चित्र पाठवणारी यंत्रणा मदरबोर्डवर नव्हतीच! त्यासाठी वेगळं कार्ड घालायचं, मोनोक्रोम किंवा कलर, आणि कुठलं घातलंय ते बोर्डवरच्या बारीक स्विचेसनी सांगायचं. म्हणजे काहीतरी चुकून पडदा काळा राहण्याची शक्यता पहिल्या दिवसापासूनच होती.

म्हणून मशीन सुरू झाल्याबरोबर बायोस स्वतःची परीक्षा घ्यायचा. याला म्हणतात 'पोस्ट', पॉवर ऑन सेल्फ टेस्ट. आयबीएमने या बायोसचा कोड आपल्या टेक्निकल मॅन्युअलमध्ये चक्क छापला होता. त्यातला क्रम बघण्यासारखा आहे. आधी प्रोसेसर स्वतःलाच तपासतो. मग बायोसच्या रॉममधल्या बाइट्सची बेरीज बरोबर येते का ते बघतो. मग टायमर, पहिली १६ केबी मेमरी, आणि डिस्प्लेचा नंबर त्यानंतर. सगळं ठीक असेल तर एक छोटा बीप. डिस्प्लेत गडबड असेल तर एक लांब, दोन आखूड. डोळे गेले तर तोंडाने सांग, इतका साधा विचार!

पण त्यालाही मर्यादा होती. प्रोसेसरच नापास झाला तर कोड तिथेच थांबायचा. पहिल्या १६ केबीत बिघाड असेल तरी पडदा काळा आणि आवाजही नाही. थोडक्यात, शांतता हासुद्धा एक निरोपच होता. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये आणखी एक सोय आली. प्रत्येक टप्प्यावर बायोस ८० हेक्स या पोर्टवर एक आकडा लिहू लागला. तो दाखवणारं कार्ड स्लॉटमध्ये घातलं की गाडी कुठल्या स्टेशनवर अडकली ते कळायचं.

मग आले क्लोनवाले. कॉम्पॅकने १९८२ च्या शेवटी आपला पीसी जाहीर केला. १९८४ पासून फिनिक्स कंपनी आयबीएम-सुसंगत बायोस इतरांना विकू लागली. कॉपीराइटमुळे कोड नक्कल करता येत नव्हता. म्हणून एका टीमने फक्त 'हा काय करतो' ते लिहून काढलं, आणि मूळ कोड कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या टीमने नवा लिहिला. पुढे अवॉर्ड आणि एएमआयही आले, आणि बीपची भाषा दर बारा कोसांवर बदलली. मात्र एक सुधारणा छान झाली. मेमरी अजिबात नसली तरी बीप वाजवायची सोय पुढच्या बायोसमध्ये आली.

आणि मग आपण काय केलं? स्पीकरच काढून टाकला. आज बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो येतच नाही. बोर्डवर चार पिनांची जागा असते, ती रिकामी. मशीन ओरडत असतं आणि ऐकू कुणालाच जात नाही. (नव्या बोर्डांवर सीपीयू, मेमरी, डिस्प्लेचे छोटे दिवे असतात, महागड्या बोर्डांवर दोन आकडी कोड. बाबांच्या बोर्डवर यातलं काहीच नव्हतं.)

माझ्या कॉलेजच्या डब्यात एक पिटुकला स्पीकर सापडला. मॅन्युअल बघून पिनांवर लावला, बटण दाबलं. लांब बीप... थांबला... पुन्हा लांब बीप. त्या बोर्डच्या भाषेत याचा अर्थ 'मेमरी सापडत नाही'. शिवाय बीप वाजतोय म्हणजे बोर्ड जिवंत आहे!

वायर काढली, रॅमची पट्टी बाहेर काढली, सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसली, कण झटकले आणि 'खट्' आवाज येईपर्यंत पट्टी परत बसवली. एक छोटा बीप. पडदा उजळला. बाबांनी आधी आजोबांची फाईल उघडली, मग चष्मा पुसला. मी पेन ड्राइव्ह लावून पहिला बॅकअप घेतला.

परतीच्या बसमध्ये एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. १६ केबीच्या जमान्यात कुणीतरी काळ्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाचा विचार केला होता. आणि मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये काही फसलं की काय दिसतं? 'काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.'

असो. सोमवारी आधी तेवढी एक ओळ बदलायची आहे.