उद्योगी बादशहा

आपल्या भाषेंत ‘उद्योग’ आणि ‘खटाटोप’ असे दोन निरनिराळे शब्द आहेत, आणि एकाच्या जागीं दुसरा वापरण्याची चूक मराठी माणूस सहसा करीत नाहीं. परंतु शब्दांत जो भेद आपण सहज ओळखतों, तो व्यवहारांत, त्यांतून स्वतःच्या व्यवहारांत, ओळखणें फार अवघड जातें. याचें इतिहासांतील ठळक उदाहरण शोधूं गेल्यास दूर जावें लागत नाहीं. तें आपल्या सह्याद्रीच्या कुशींतच सांपडतें. तें उदाहरण औरंगजेब बादशहाचें.

औरंगजेबाविषयीं आपल्याकडे पुष्कळ कडवटपणें बोललें जातें, आणि त्याला कारणेंही आहेत. पण तो आळशी होता, असें त्याच्या वैऱ्यालाही म्हणतां येणार नाहीं. १६९५ सालीं जेमेली करेरी नांवाचा एक इटालियन प्रवासी गोव्याहून निघून कृष्णाकांठीं गलगल्याच्या बादशाही छावणींत येऊन पोंचला. या फिरत्या शहरांत पांच लक्ष माणसें असावींत, असा त्याचा अंदाज होता. तेथें त्यानें जें दृश्य पाहिलें, तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. शहात्तर वर्षांचा, वयानें वांकलेला, शुभ्र मलमलीचा पोषाख केलेला एक वृद्ध एकामागून एक अर्ज हातीं घेत होता, चष्म्यावांचून वाचीत होता, आणि त्यांवर स्वतःच्या हातानें शेरे लिहीत होता. हिंदुस्थानच्या बहुतेक भागाचा हा धनी कारकुनाच्या निष्ठेनें काम करीत होता!

हा प्रकार एकट्या औरंगजेबाचाच होता असें नाहीं. त्याच्या शंभर वर्षें आधीं स्पेनचा राजा दुसरा फिलिप असाच कागदांत बुडालेला असे. १५८० नंतर पोर्तुगालबरोबर गोवाही त्याच्याच सत्तेखालीं गेला, आणि गोव्याच्या पत्राचें उत्तर येईपर्यंत तेथले पावसाळे उलटत. पण फिलिपाची गोष्ट पुनः केव्हां तरी.

बादशहानें सगळी लेखणी आपल्याच हातीं कां ठेवली, याचें उत्तर त्याच्या घरांतच आहे. १६५८ सालीं बापाला कैदेंत ठेवून जो तख्तावर बसला, त्याला मुलांचा भरंवसा वाटावा कसा? शहाजादा अकबर १६८१ सालीं उलटला. १६८७ सालीं थोरल्या शहाआलमला संशयावरून अटकेंत टाकण्यांत आलें, आणि पुढील कित्येक वर्षें तो अटकेंतच होता. विश्वासाचा माणूस उरला नाहीं, म्हणजे धन्याचें काम वाढतें. आणि असें वाढलेलें काम राज्य वाढल्याचें लक्षण नसतें.

तरीही न्याय करावयाचा तर हें सांगितलें पाहिजे, कीं दक्षिणेंतील त्याचीं पहिलीं आठ वर्षें फुकट गेलीं नाहींत. १६८१ सालीं तो उतरला. १६८६ सालीं विजापूर आणि १६८७ सालीं गोवळकोंडा त्यानें घेतला. १६८९ सालीं संभाजी महाराजांना पकडून त्यांची क्रूर हत्या केली, आणि त्याच सालीं रायगडही त्याच्या हातीं गेला. या घटकेला कोणीही म्हणालें असतें, कीं काम संपलें. पण राजाराम महाराज जिंजीला निसटले, आणि येथून पुढें मराठ्यांना ना एक राजधानी राहिली, ना एक सेनापति. ज्याचें डोकें छाटावें, असें एक डोकेंच उरलें नाहीं. मोंगली यंत्र मात्र राजधान्या घेण्यासाठींच घडलेलें होतें.

खरा खटाटोप पुढेंच आहे. १६९९ च्या पावसाळ्यानंतर, वयाच्या ८१ व्या वर्षीं, बादशहानें भीमाकांठची ब्रह्मपुरीची छावणी सोडली, आणि एकेक किल्ला जातीनें घेण्याचा निश्चय केला. प्रथम साताऱ्याला वेढा पडला. प्रयागजी प्रभूनें किल्ला नेटानें लढविला. १७०० च्या एप्रिलांत मोंगलांनीं सुरुंग उडविला, तेव्हां तट त्यांच्याच बाजूस कोसळून सुमारें दोन हजार माणसें गाडलीं गेलीं. अखेर शहाजादा आझमच्या मध्यस्थीनें बोलणीं होऊन किल्ला मिळाला, आणि त्याचें नांव ‘आझमतारा’ ठेवण्यांत आलें. पुढें १७०१ त पन्हाळा, १७०२ त विशाळगड, १७०३ त सिंहगड, १७०४ त राजगड. यांतील बहुतेकांच्या दारांना तोफेपेक्षां थैलीनेंच वाट दिली. विशाळगडासाठीं परशुरामपंत प्रतिनिधींनीं दोन लक्ष रुपये मोजून घेतले. एकटा तोरणा काय तो १७०४ सालीं रात्रीं दोरांवरून चढून, खरोखर लढून घेतला गेला. विशाळगडाहून पन्हाळ्याकडे परततांना भर पावसांत तीस मैलांच्या वाटेस महिन्याहून अधिक काळ लागला. ओढ्यांत माणसें आणि जनावरें वाहून गेलीं.

प्रत्येक किल्ला पडला कीं नौबत झडे, बातमी लिहिली जाई, आणि नवें नांव ठरे. सिंहगड ‘बक्षिंदाबक्ष’ झाला, तोरणा ‘फुतूहुल्‌गैब’ झाला. दप्तराच्या हिशेबीं ही विजयांची माळ होती. पण किल्ला हा खालच्या मुलुखासाठीं असतो. मुलूख ज्याच्या ताब्यांत, त्याचा तो किल्ला. खालचा मुलूख मराठ्यांच्या हातीं, तर वर बसलेल्या मोंगली शिबंदीला धान्य पोंचावें कोठून?

मराठ्यांचा हिशेब अगदीं उलट होता. पावसाळा येईपर्यंत गड झुंजवावा, शत्रूचा पैसा आणि वेळ खर्च करवावा, भरपूर किंमत घेऊन गड सोडावा, आणि बादशहाची पाठ फिरतांच तो पुनः घ्यावा. सिंहगडासारखे गड बादशहाच्या हयातींतच परत फिरले. ताराबाईंच्या राजवटींत नेमाजी शिंदे १७०३ सालीं माळव्यांत शिरला, आणि १७०६ सालीं धनाजी जाधवांनीं गुजराथेंत रतनपूरजवळ मोंगलांचा फडशा उडविला. बादशहा गड मोजीत होता, तेव्हां मराठे त्याचे सुभे मोजीत होते. मराठे सगळेच शहाणपणानें वागले असें मात्र म्हणवत नाहीं. १६९७ सालीं संताजी घोरपड्यांसारखा सेनानी आपसांतल्या वैरापायीं त्यांनीं गमावला, ही हानि कोणत्याही गडापेक्षां मोठी होती.

बादशाही पक्षांतील शहाण्यांना हें दिसत नव्हतें असें नाहीं. दलपतराव बुंदेल्याच्या पदरीं असलेला भीमसेन सक्सेना आपल्या आठवणींत या किल्ल्यांच्या वेडाबद्दल आश्चर्य करतो, आणि जहागिरीचें उत्पन्न हातीं न आल्यानें मनसबदारांची कशी दैना झाली होती, तेंही लिहितो. पण बादशहाला हें सांगावें कोणीं? तो तर सर्वांपेक्षां अधिक काम करीत होता! जो पहांटेपासून रात्रीपर्यंत कागदांवर वांकलेला आहे, त्याला ‘हें काम कशासाठीं?’ असें विचारण्याचा धीर दरबारांतही होत नाहीं आणि कचेरींतही होत नाहीं.

१७०५ त वाकिणखेडें घेतल्यावर तो आजारी पडला, आणि १७०७ सालीं अहमदनगरजवळ वारला. पंचवीस वर्षांत तो दिल्लीस एकदांही परतला नव्हता. मागें सैन्याचा पगार थकलेला होता, आणि तख्तासाठीं मुलांचें युद्ध तयार होतें. आझमनें उत्तरेकडे जातांना वाटेंत शाहू महाराजांना सोडलें. जूनमध्यें जाजौच्या लढाईंत आझम स्वतः पडला. १७०८ च्या जानेवारींत साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या किल्ल्याला आज अजिंक्यतारा म्हणतात. आझमतारा हें नांव आतां इतिहासाच्या ग्रंथांत शोधावें लागतें.