डेन्व्हरमधली चार पॅकेट्स
सेंच्युरीलिंकच्या नेटवर्कमध्ये डिसेंबर 2018 मध्ये काय घडलं, तासागणिक

27 डिसेंबर 2018 च्या पहाटे अमेरिकेतल्या सेंच्युरीलिंक या बड्या दूरसंचार कंपनीचं लांब पल्ल्याचं एक नेटवर्क कोलमडलं. केबल कुणी तोडली नव्हती, वादळ आलं नव्हतं, बाहेरून हल्ला झाला नव्हता. तरीही 39 राज्यांतल्या सुमारे 2 कोटी 20 लाख ग्राहकांना फटका बसला. त्यांपैकी 29 राज्यांतल्या सुमारे 1 कोटी 70 लाख लोकांना 911 या आपत्कालीन क्रमांकाचा भरवसा उरला नाही. आपल्याकडे जसा 112, तसा तिकडे 911.

अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, ऑगस्ट 2019 मध्ये या घटनेचा अहवाल प्रसिद्ध केला. कंपनीनेही आपल्या ग्राहकांना काय बिघडलं ते कळवलं होतं. या दोन्हींवरून तो घटनाक्रम लावता येतो. नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रत्येकाने तो नीट समजून घ्यावा, कारण यंत्रं बिघडणं हा त्यातला अर्धाच भाग आहे. बिघाड जिथे दिसायला हवा होता, ती निगराणीची व्यवस्थाच पहिल्या काही मिनिटांत निकामी झाली.

(वेळा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या आहेत. डेन्व्हरची घड्याळं त्याच्या दोन तास मागे असतात.)

26 डिसेंबर आणि त्याआधी : तीन उघड्या खिडक्या

सेंच्युरीलिंकचा कणा लांब पल्ल्याच्या सहा नेटवर्कांचा होता. त्यांतल्या एकाची यंत्रणा इन्फिनेरा या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने पुरवली होती. शहराशहरांत नोड आणि त्यांच्यामध्ये प्रकाशतंतू, अशी रचना. प्रत्येक नोडमध्ये दोन प्रकारची कार्डं महत्त्वाची : बाहेरच्या तंतूंना जोडलेली लाइन मॉड्यूल्स, आणि आलेली माहिती योग्य दिशेला वळवणारी स्विचिंग मॉड्यूल्स.

या नेटवर्कमध्ये तीन गोष्टी तशाच राहून गेल्या होत्या.

पहिली : नोडांनी एकमेकांना व्यवस्थापनाचे निरोप धाडावेत म्हणून इन्फिनेराने एक खास वाहिनी दिली होती. सेंच्युरीलिंक ती वापरत नव्हती. पण यंत्र कारखान्यातून येतानाच ती चालू असायची आणि ती कुणी बंद केली नव्हती.

दुसरी : या वाहिनीवर नको ते निरोप अडवायला गाळणी होती, पण ती 64 बाइट किंवा त्याहून लहान पॅकेट्सनाच (माहितीच्या गठ्ठ्यांनाच) अडवायची. त्याहून मोठं काही या वाटेने येईल, हे गृहीतच धरलेलं नव्हतं.

तिसरी सगळ्यांत महागात पडली : नोडांची तब्येत दुरून पाहण्याची सोय त्याच नोडांच्या प्रोसेसरवर अवलंबून होती. कुठल्याही स्विचची, म्हणजे माहिती योग्य दिशेला वळवणाऱ्या यंत्राची, निगराणी सहसा अशीच चालते. मध्यवर्ती संगणक ठरावीक वेळाने प्रत्येक स्विचला विचारतो : प्रोसेसर किती व्यस्त आहे, मेमरी किती उरली, तापमान किती, कुठल्या पोर्टवर किती पॅकेट्स गळाली? स्विचचा प्रोसेसर उत्तर देतो आणि पडद्यावर आलेख उमटतो. म्हणजे रुग्णाने स्वतःची नाडी मोजायची आणि आकडा डॉक्टरला फोन करून सांगायचा. रुग्ण शुद्धीवर असेपर्यंत हे छान चालतं.

27 डिसेंबर, पहाट : चार पॅकेट्स जन्माला येतात

डेन्व्हरच्या नोडमधल्या एका स्विचिंग मॉड्यूलने आपणहून चार सदोष पॅकेट्स तयार केली. ती का तयार झाली, हे दोन्ही कंपन्यांना चौकशीनंतरही सांगता आलं नाही. अशी पॅकेट्स अधूनमधून निपजतात आणि पहिल्याच तपासणीत टाकून दिली जातात. या चारांमध्ये मात्र खऱ्या व्यवस्थापन-निरोपांचे तुकडे होते आणि चार गुण एकत्र आले होते.

त्यांच्यावर पत्ता होता ‘सर्वांना’, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक यंत्राने ते पुढे धाडायचं. त्यांचं शीर्षक आणि चेकसम (पॅकेट शाबूत आहे का हे तपासायचा आकडा) बरोबर होतं, त्यामुळे तपासणीत ती खरी ठरली. आकार 64 बाइटपेक्षा मोठा, म्हणून गाळणीतून सुटली. आणि त्यांना मुदत नव्हती.

मुदतीचं महत्त्व इथे कळतं. इंटरनेटच्या नेहमीच्या पॅकेटवर एक आकडा लिहिलेला असतो, जास्तीत जास्त 255. प्रत्येक टप्प्यावर तो एकाने कमी होतो आणि शून्यावर आला की पॅकेट टाकून देतात. वाट चुकलेलं पॅकेट त्यामुळे कधीतरी संपतंच. डेन्व्हरच्या चार पॅकेट्सना संपायचं कारणच नव्हतं.

स्विचिंग मॉड्यूलने ती लाइन मॉड्यूलकडे दिली. तिथून ती शेजारच्या सगळ्या नोडांकडे गेली. त्या नोडांनी ती आपल्या सगळ्या शेजाऱ्यांकडे पाठवली आणि त्या शेजाऱ्यांनी पुन्हा मागे.

पहाटे 3:40 : न्यू ऑर्लिन्स

कंपनीला सेवेतला पहिला बिघाड दिसला तो न्यू ऑर्लिन्समध्ये, डेन्व्हरपासून दीड हजार किलोमीटरहून दूर. नियंत्रण कक्षाने तपास सुरू केला आणि जागेवर माणसं पाठवली. एका शहरात एक बिघाड, असंच ते दिसत होतं.

नोडांच्या आत मात्र वेगळंच चाललं होतं. प्रत्येक सदोष पॅकेट वाचायला प्रोसेसरचा थोडा वेळ लागतो. पॅकेट्स दुपटी-तिपटीने वाढत गेली तसा प्रोसेसरचा सगळा वेळ त्यांच्यातच जाऊ लागला. लाइन मॉड्यूल्सच्या जोडीला एकाच वेळी सूचना पोचायला हव्यात. आता एकाला पोचायची, दुसऱ्याला नाही. हा मेळ सुटला की नोडला माहिती पुढे नेता येत नाही. प्रकाशतंतू शाबूत, वीज चालू, दिवे लागलेले, आणि सेवा बंद.

पहाटे 4 च्या सुमारास : पडदे आंधळे होतात

बिघाड एका शहरापुरता नाही, हे लवकरच कळलं. पण तो कुठे आहे ते शोधायचं कसं? नोडांशी दुरून बोलायचे मार्ग त्याच गुदमरलेल्या प्रोसेसरमधून जात होते. नियंत्रण कक्षातून विचारलेल्या प्रश्नांना उत्तरंच येईनात.

उत्तर न येणं ही निगराणीतली सगळ्यांत फसवी खूण आहे. स्विच मेला आहे, की जिवंत असून बोलू शकत नाही, की बोलतो आहे पण त्याचा निरोप वाटेत अडकला आहे? तिन्ही वेळी पडद्यावर तेच दिसतं. शेकडो ठिकाणांहून एकदम शांतता आली तर नकाशा लाल होतो, पण रोगाचा उगम कुठे आहे ते त्यावरून कळत नाही.

सकाळ ते दुपार : माणसं गाडीने निघतात

यंत्रसामग्री पुरवणाऱ्या कंपनीचे वरिष्ठ अभियंते तपासात उतरले. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ इथलं एक यंत्र सर्वत्र निरोप फेकतंय, क्षमता खातंय, असा संशय आला. ते नेटवर्कपासून तोडलं तेव्हा थोडा फरक पडला, त्रास मात्र संपला नाही. ते यंत्र उगम नव्हतं, आलेलं पुढे ढकलणारं आणखी एक ठिकाण होतं. अशा वादळात प्रत्येक नोड गुन्हेगारासारखा वागतो, कारण प्रत्येक जण तेच पॅकेट परत फेकत असतो.

मग उरला एकच मार्ग : माणसाने नोडपाशी जायचं, केबल थेट यंत्राला लावायची आणि आत पाहायचं. कॅन्सस सिटी, अटलांटा, न्यू ऑर्लिन्स, शिकागो इथे तंत्रज्ञ रवाना झाले. सेकंदाच्या काही भागात देशभर पसरलेल्या पॅकेटचा पाठलाग आता महामार्गावरच्या गाड्यांच्या वेगाने सुरू झाला. एकेका नोडपाशी थेट जोडणी झाली तशा यंत्रांतल्या नोंदी वाचता येऊ लागल्या.

दिवसभर : नेटवर्कच्या बाहेर

या तासांची किंमत सामान्य माणसं मोजत होती. एका कंपनीच्या नेटवर्कवरून इतर कंपन्यांचंही दळणवळण जातं. त्यामुळे सेंच्युरीलिंकचं नावही न ऐकलेल्यांचे फोन अडले. व्हेरायझनच्या सेवेला न्यू मेक्सिको आणि मोंटानाच्या काही भागांत झळ बसली. कोलोरॅडोतल्या ग्रीलीमधल्या रुग्णालयात डॉक्टर-परिचारिकांना रुग्णांच्या नोंदी उघडताना अडचणी आल्या.

सगळ्यांत गंभीर होतं 911. वॉशिंग्टन राज्यात संध्याकाळनंतर लोकांच्या मोबाइलवर इशारे धडकले : 911 लागलं नाही तर स्थानिक पोलिसांच्या दहा आकडी क्रमांकावर फोन करा. घरात कुणी कोसळलं असेल, आग लागली असेल, तर त्या क्षणी दहा आकडे शोधायचे कुठून?

एफसीसीच्या मोजणीनुसार किमान 886 आपत्कालीन कॉल पोचलेच नाहीत. नेटवर्कच्या भाषेत हे ‘अपूर्ण कॉल’. प्रत्यक्षात त्यांतल्या प्रत्येकाच्या मागे मदत मागणारा एक माणूस होता.

रात्री 9:02 : कार्ड निघतं, वादळ थांबत नाही

सतरा तासांहून अधिक काळानंतर डेन्व्हरमधलं ते मॉड्यूल सापडलं आणि काढून टाकलं गेलं. उगम बंद झाला. पण बिघाड चालूच राहिला, कारण आधीच जन्मलेली पॅकेट्स नोडांमध्ये घुमत होती. त्यांना जगायला आता डेन्व्हरची गरज नव्हती.

नेटवर्कच्या इतिहासात हे पूर्वीही झालं होतं. 27 ऑक्टोबर 1980 रोजी इंटरनेटचा पूर्वज असलेलं आर्पानेट असंच काही तास बंद पडलं. त्यातला प्रत्येक नोड आपल्या जोडण्यांच्या स्थितीचा क्रमांकित निरोप सगळ्यांना पाठवत असे, म्हणजे तीही निगराणीचीच व्यवस्था. सदोष यंत्रात बिट गळाल्याने एका नोडच्या एकाच निरोपाच्या 8, 40 आणि 44 अशा क्रमांकांच्या तीन प्रती फिरू लागल्या. क्रमांक 63 नंतर पुन्हा 0 वर येत असल्याने तुलनेच्या नियमानुसार 44 हा 40 पेक्षा नवा, 40 हा 8 पेक्षा नवा आणि 8 पुन्हा 44 पेक्षा नवा ठरत होता. प्रत्येक नोड ‘नवा निरोप आला’ म्हणून तो पुढे पाठवत राहिला. शेवटी त्या एका नोडचे निरोप ऐकूच नका, अशी दुरुस्ती सर्वत्र घालावी लागली. एरिक रोझेन यांनी 1981 मध्ये त्याचं सविस्तर विश्लेषण लिहिलं. ते आजही कुणालाही वाचता येतं. धडा तेव्हाच स्पष्ट होता : ज्या निरोपाला म्हातारपण नाही, तो नेटवर्क खाऊन टाकतो.

28 डिसेंबर, मध्यरात्रीनंतर : ‘याला उत्तर देऊ नका’

सेंच्युरीलिंकनेही तोच उपाय केला. किमान वीस तास उलटल्यावर अभियंत्यांनी नोडांना त्या सदोष पॅकेट्सची दखल न घेण्याच्या सूचना द्यायला सुरुवात केली. आणि ती वापरात नसलेली वाहिनी अखेर बंद केली. जी गोष्ट यंत्र बसवण्याच्या दिवशी करता आली असती, ती देश ठप्प झाल्यावर झाली.

पहाटे 5:07 : नेटवर्कचा बराचसा भाग पूर्ववत.

दिवसा : एफसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष अजित पै यांनी 911 कोलमडणं अजिबात खपवून घेण्यासारखं नाही असं म्हणत चौकशी जाहीर केली. आपणहून सावरू न शकलेली लाइन मॉड्यूल्स पुन्हा सुरू करण्याचं किंवा बदलण्याचं काम चालूच राहिलं.

रात्री 11:36 : सगळे नोड परत आले. देशव्यापी बिघाडाचा कालावधी आयोगाने सुमारे 37 तास धरला आहे. शेवटचे कोपरे सावरायला त्याहून जास्त वेळ गेला.

29 डिसेंबर, दुपारी 12:01 : नेटवर्क स्थिर झाल्याचा निर्वाळा.

त्यानंतर : अहवालातले चार धडे

एफसीसीने काढलेले निष्कर्ष साधे आहेत, म्हणूनच ते बोचतात. वापरात नसलेल्या सुविधा बंद ठेवा. गाळण्या कडक करा. प्रोसेसर आणि मेमरी किती वापरली जातेय यावर इशारे लावा. आणि नेहमीची निगराणी बंद पडली तर काय करायचं, याची लेखी पद्धत तयार ठेवा.

तिसरा आणि चौथा धडा एकत्र वाचायला हवा. बहुतेक ठिकाणी स्विचवर लक्ष ठेवणं म्हणजे तो चालू आहे की बंद, पोर्ट जिवंत आहे की मेलं, एवढंच पाहणं. पण स्विच मरण्याआधी धापा टाकतो. प्रोसेसर नेहमी 15 टक्क्यांवर असतो आणि आज 60 वर गेला, सर्वत्र जाणाऱ्या निरोपांचं प्रमाण अचानक फुगलं, मेमरी तासागणिक घटतेय : अशा फरकावर इशारा लागला तर हाती निदान काही मिनिटं येतात. त्यासाठी ‘नेहमी’ किती, हे आधी महिनोन्महिने मोजून ठेवलेलं लागतं. मर्यादा ओलांडल्याचा इशारा आणि सवय मोडल्याचा इशारा, दोन्ही हवेत.

आणि तेवढ्यानेही भागत नाही. डेन्व्हरच्या पॅकेट्सनी ज्या झपाट्याने प्रोसेसर खाल्ले, त्यात इशारा पाठवायलाही प्रोसेसर उरला नाही. म्हणून मोठ्या नेटवर्कमध्ये निगराणीला स्वतंत्र वाट हवी. प्रत्येक महत्त्वाच्या नोडपाशी एक छोटं कन्सोल यंत्र, त्याला दुसऱ्याच कंपनीची मोबाइल किंवा केबल जोडणी, आणि तिथून थेट स्विचच्या पोटात जाणारी तार. सेवेचं नेटवर्क पूर्ण बुडालं तरी हा दरवाजा उघडला पाहिजे. असा दरवाजा असता तर तंत्रज्ञांना गाड्या काढाव्या लागल्या नसत्या आणि सतरा तासांतले कितीतरी वाचले असते, असं मला ठामपणे वाटतं.

हा खर्च दरवर्षी अंदाजपत्रकात पहिल्यांदा कापला जातो, कारण चांगल्या दिवसांत त्याचा उपयोग दिसत नाही. रुग्णालय, बँक, वीज मंडळ, महापालिका, विद्यापीठ : जिथे जिथे स्विचवर काम चालतं, तिथल्या प्रमुखाने आपल्या अभियंत्याला एक प्रश्न विचारावा. मुख्य नेटवर्क आत्ता बंद पडलं, तर आपल्या स्विचशी बोलायला दुसरी वाट आहे का? आणि ‘आहे’ असं उत्तर आलं तर त्याच आठवड्यात, ठरवून, त्या वाटेने एकदा आत शिरून दाखवायला सांगावं. कारण कधीही न वापरलेली दुसरी वाट ऐन संकटात बंद निघू शकते, आणि त्या वेळी दुरुस्तीला माणूस पाठवेपर्यंत कुणाचा तरी आपत्कालीन कॉल अपूर्ण राहिलेला असतो.