वाद्यांचा उपवास

उपवास म्हटला की आपल्याला आधी स्वयंपाकघर आठवते. काय चालते आणि काय चालत नाही, हाच त्यातला पहिला प्रश्न. पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या युरोपातही वेगळे नव्हते. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, म्हणजे लेंटमध्ये, मांस वर्ज्य असे. पुष्कळ ठिकाणी दूध, लोणी, अंडीही चालत नसत. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात तर लोणी खाण्यासाठी रोमहून सवलत मिळवली जाई आणि तिच्यासाठी पैसे मोजावे लागत.

मार्टिन लूथरचा रोख या सक्तीवर होता. ९ मार्च १५२२ रोजी, लेंटच्या पहिल्या रविवारी, विटेनबर्गच्या व्यासपीठावर उभे राहून त्याने सलग आठ दिवसांच्या प्रवचनांना आरंभ केला. मांस खाण्या-न खाण्यावर तारण अवलंबून नाही, हे त्याने स्पष्ट सांगितले. त्याचबरोबर, ज्यांचे मन अजून तयार नाही त्यांच्यावर हे स्वातंत्र्य लादू नये, असेही बजावले. पंचांगातले चाळीस दिवस लूथरपंथीयांनी पुसून टाकले नाहीत. सक्ती गेली, काळ राहिला. मग ताटातून उठलेला उपवास गेला कुठे? या प्रश्नाचे एक उत्तर दोनशे वर्षांनंतरच्या लाइपझिग शहरात सापडते.

मे १७२३ मध्ये योहान झेबास्टियन बाख तेथे संगीतप्रमुख म्हणून आला. सेंट थॉमस आणि सेंट निकोलस या दोन मुख्य चर्चमधल्या उपासनेचे संगीत त्याच्याकडे होते. रविवारच्या मुख्य उपासनेत, प्रवचनाच्या सुमारास, गायकवृंद आणि वाद्यवृंद मिळून एक कँटाटा सादर करीत. त्या दिवशीच्या शास्त्रवचनाला धरून रचलेले हे गायन साधारण वीस-पंचवीस मिनिटांचे असे. लेंट लागला की मात्र ते थांबे. मंडळी आपली नेहमीची स्तोत्रे गात राहत, पण व्हायोलिने, ओबो आणि तुताऱ्या गप्प होत. अपवाद फक्त २५ मार्चचा; देवदूताने मरीयेला दिलेल्या निरोपाचा तो सण. १७२४ साली तो शनिवारी आला. म्हणजे २७ फेब्रुवारी ते २ एप्रिल असे सहा रविवार लाइपझिगच्या मंडळींनी कँटाटाविना काढले. ज्यांच्या कानांना दर आठवड्याला हे संगीत ऐकण्याची सवय होती, त्यांच्यासाठी हाच उपवास होता.

हा उपवास गुड फ्रायडेच्या दुपारी सुटे. प्रथा तशी नवीनच होती. बाखच्या आधीचा संगीतप्रमुख योहान कुनाऊ याने १७२१ साली सेंट थॉमस चर्चमध्ये ती सुरू केली. येशूच्या दुःखसहनाची कथा वाद्यांसह गायची आणि दोन्ही चर्चना आळीपाळीने मान द्यायचा, असे ठरले होते. १७२४ ची पाळी सेंट निकोलसची. बाखने छापील पुस्तिकेत सेंट थॉमसचे नाव देऊन टाकले होते. ३ एप्रिलला, म्हणजे अवघे चार दिवस आधी, नगरसभेने त्याला पाळीची आठवण करून दिली. त्याने ऐकले, मात्र तिथल्या माळ्यावर जागा अपुरी आहे आणि हार्पसिकॉर्ड दुरुस्त करायला हवा, हेही सांगून घेतले. योहानकृत शुभवर्तमानावर आधारलेली त्याची ही रचना ७ एप्रिलला सेंट निकोलसमध्येच प्रथम गायली गेली.

त्या दुपारचा क्रम पाहण्यासारखा आहे. पावणेदोनला उपासना सुरू होई. आधी मंडळींचे स्तोत्र, मग रचनेचा पूर्वार्ध, पुन्हा स्तोत्र, मग प्रवचन आणि त्यानंतर उत्तरार्ध. आपल्या नारदीय कीर्तनात निरूपण आधी आणि आख्यान नंतर येते. इथे आख्यानाच्या ऐन मध्यावर निरूपण होते. आख्यानात अधूनमधून येणाऱ्या स्तोत्रांच्या चाली मंडळींच्या रोजच्या गाण्यातल्या असत. उत्तरार्ध संपला की धर्मात्म्याच्या मृत्यूवरचे जुने लॅटिन गीत, प्रार्थना, आणि अगदी शेवटी देवाचे आभार मानणारे स्तोत्र. क्रूसावरच्या मृत्यूच्या दिवशी माणसे आभार मानत घरी जात. दोन दिवसांनी, ९ एप्रिलच्या ईस्टरला, बाखने तुताऱ्या आणि नगारे असलेला कँटाटा सादर केला. त्याच वर्षी कॅथलिकांचा ईस्टर १६ एप्रिलला होता, कारण प्रोटेस्टंट संस्थानांनी तिथी काढण्याची वेगळी रीत धरली होती. लाइपझिगमध्ये वाद्ये दुमदुमली तेव्हा शेजारच्या कॅथलिक प्रदेशांत उपवास चालूच होता.

ही कलाकृती आपली खाजगी मालमत्ता आहे, असे बाखलाही मानता येत नव्हते. मार्च १७३९ मध्ये नगरसभेने कळवले की रीतसर परवानगी मिळेपर्यंत दुःखसहनाचे गायन करू नये. यातून आपल्याला काही मिळत नाही, उलट तो एक भारच आहे, असे त्याने निरोप आणणाऱ्याला ऐकवले. आज या रचनांपुढे नतमस्तक होणाऱ्या रसिकाला हे उद्गार खटकतील. पण उपासनेतल्या इतर कामांसारखेच तेही एक काम होते, आणि कामाला वरिष्ठ असतात.

११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सोनने बर्लिनच्या सिंगअकाडेमीत बाखची मत्तयकृत शुभवर्तमानावरची रचना काटछाट करून सादर केली, आणि तिथून तिचा नवा जन्म झाला. दिवस लेंटचेच होते, पण मधले प्रवचन गेले, मंडळींची स्तोत्रे गेली, मंडळींचे श्रोते झाले. त्या संध्याकाळीविना बाख कदाचित आपल्यापर्यंत पोचलाच नसता, म्हणून तक्रार करण्याचे कारण नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपण त्या रचनेतला पहिला सूर ऐकतो तेव्हा त्याआधी ऐकलेली दुसरी कितीतरी गाणी कानांत घोळत असतात. सेंट निकोलसमध्ये बसलेल्या माणसाने मात्र त्या सुराआधी सहा रविवार वाट पाहिली होती. तो सूर ऐकताना त्याला हेही ठाऊक होते की आणखी दोन दिवसांनी तुताऱ्या वाजणार आहेत.