दोन नोंदवह्या

रोजनिशी आणि प्रवासवर्णन हे प्रकार शिकवताना प्रामाणिकपणाचा निकष आम्ही सहज सांगून जातो. लेखकाने जे अनुभवले तेच लिहिले, असे गृहीत धरूनच पुढचे विवेचन चालते. हे गृहीतक किती नाजूक आहे, याची जाणीव करून देणारी एक संहिता जुलै १९६९ मध्ये अटलांटिक महासागरात, निर्मनुष्य तरंगणाऱ्या एका नौकेवर सापडली.

'संडे टाइम्स' या ब्रिटिश वृत्तपत्राने मार्च १९६८ मध्ये एक शर्यत जाहीर केली होती : शिडाच्या नौकेतून एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा. १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात केव्हाही निघावे. प्रथम परतणाऱ्यास 'गोल्डन ग्लोब' हे सन्मानचिन्ह आणि सर्वांत कमी दिवस घेणाऱ्यास पाच हजार पौंड. अनुभवाची अट नव्हती. नऊ जण निघाले. त्यांपैकी चे ब्लाइथ यांना तर निघतेवेळी नौकानयन येतच नव्हते.

डोनाल्ड क्रोहर्स्ट हेही हौशीच. जन्म १९३२ चा, आपल्याकडच्या गाझियाबादचा. इंग्लंडमध्ये त्यांचा इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा अडचणीत आलेला धंदा होता आणि सागराचा परिचय सुट्टीच्या दिवसांपुरता. मोहीम फसल्यास नौकेची किंमत त्यांनीच भरून द्यावी, असा भांडवलदाराशी करार होता. घरही त्यात पणाला लागले होते. अपुऱ्या तयारीची 'टेनमथ इलेक्ट्रॉन' ही तीन सांगाड्यांची नौका घेऊन ते अगदी अखेरच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला निघाले. नौकेत लवकरच पाणी शिरू लागले. दक्षिणेच्या खवळलेल्या, अपरिचित समुद्रात तिच्यासह शिरणे म्हणजे मृत्यू, आणि परतणे म्हणजे दिवाळे.

डिसेंबरच्या आरंभी त्यांनी तिसरी वाट धरली. खऱ्या ठिकाणांबरोबर ते कल्पित ठिकाणेही मांडू लागले, आणि एका दिवसात २४३ मैलांचा विक्रम केल्याचे त्यांनी कळवले. अशी नोंद रचणे खरी नोंद करण्याहून कठीण असते. सूर्याचे कोन मोजून ठिकाण ठरवायचे, ही नेहमीची रीत. येथे आधी ठिकाण कल्पून तेथून सूर्य किती उंचीवर दिसला असता, याचे उलटे गणित करावे लागे. पुढे जानेवारी ते एप्रिल त्यांनी रेडिओ बंद ठेवला. त्या काळात ते दक्षिण अटलांटिकमध्येच होते. मार्चमध्ये दुरुस्तीसाठी नियम मोडून अर्जेंटिनाच्या किनाऱ्यालाही लागले.

येथवर ही एका माणसाची फसवणूक वाटते. परंतु या मजकुराला एक वाचक होता. नायजेल टेटली यांनी प्रदक्षिणा जवळजवळ पुरी केली होती. क्रोहर्स्ट मागून वेगाने येत आहेत, या बातमीवर विसंबून त्यांनी आपली जर्जर नौका दामटली आणि मे १९६९ मध्ये ती अझोर्स बेटांजवळ बुडाली. टेटली वाचले, क्रोहर्स्ट मात्र अडकले. मागाहून पोचले असते तर त्यांच्या वह्या फारशा कोणी तपासल्या नसत्या. आता सर्वांत कमी दिवसांचे बक्षीस त्यांच्याकडे चालून येत होते, आणि त्यासोबत तपासणीही. काळ आणि ईश्वर यांविषयीचे हजारो शब्दांचे भ्रमिष्ट चिंतन लिहून त्यांची वही १ जुलैला थांबते. १० जुलैला नौका सापडली, ते सापडले नाहीत.

शर्यत पुरी केली ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, ३१२ दिवसांत. त्यांची बत्तीस फुटी 'सुहेली' मुंबईत, सागवानात बांधलेली. रेडिओ बिघडल्याने न्यूझीलंडनंतर कित्येक महिने त्यांचा पत्ता नव्हता. जो खरोखर प्रवास करीत होता त्याचा शब्द पोचत नव्हता, आणि ज्याचे शब्द पोचत होते त्याचा प्रवास नव्हता.

क्रोहर्स्ट यांच्या वह्या अविश्वसनीय निवेदकाचा नमुना म्हणून वर्गात वाचण्याचा मोह आम्हांलाही होतो. तसे वाचायला हरकत नाही. मात्र त्यातल्या आकड्यांवर विश्वासून एका माणसाने नौका गमावली, हे विसरून नव्हे. संहितेच्या खरेपणाचा प्रश्न केवळ वाङ्मयीन नसतो. कोणीतरी तिच्या भरवशावर शीड उभारलेले असते.

सर्वांत कमी दिवसांचे ते पाच हजार पौंडही अखेर नॉक्स-जॉन्स्टन यांनाच मिळाले. त्यांनी ते क्रोहर्स्ट यांच्या पत्नीला आणि मुलांना देऊन टाकले. या प्रकरणावरचे इतके नेमके भाष्य आमच्या वाचनात दुसरे नाही.