मयसभेचा खर्च

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 2011 साली कॉमिकमधील स्पायडरमॅन या वीराचे जे संगीत नाटक अवतरले, त्यावर सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्ची पडले, तारांवरून प्रेक्षकांच्या डोक्यावर उडणारे नट तालमींत व पूर्वप्रयोगांत जायबंदी झाले, दिग्दर्शिका ज्युली टेमर यांना मध्येच पायउतार व्हावे लागले आणि 2014 च्या जानेवारीत मुद्दलाचा फार मोठा भाग गमावून ते बंद झाले. हा प्रकार आपल्याकडे परका वाटतो खरा. परंतु अतिमानुष सामर्थ्याच्या वीराला गाण्यांसह रंगभूमीवर उभे करणे आणि त्यापायी तिजोरी रिती करणे या व्यसनाची कुळकथा शोधू गेल्यास ती मराठी रंगभूमीवरही पुष्कळ मागे जाते, आणि खोपट भागातून गडकरी रंगायतनाकडे नाटकाला जाणाऱ्या माझ्यासारख्या ठाणेकराला तर ती अगदी घरची वाटते.

तिचा आरंभ सांगलीचा. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना मराठीत तशी रचना करण्याची आज्ञा केली आणि 1843 साली ‘सीतास्वयंवर’ रंगले. देव व राक्षस येथे पहिल्यापासूनच होते. देवपार्टी, राक्षसपार्टी आणि स्त्रीपार्टी अशी नटांची वाटणीच असे, व राक्षसांच्या आरोळ्यांवरून त्या खेळांना ‘अललडुर्र’ हे नावही पडले. तथापि दृश्याचा डामडौल बेताचाच होता; सूत्रधाराने पद म्हणावे आणि प्रेक्षकाने धनुर्भंग आपल्या मनात घडवून घ्यावा, अशी ती व्यवस्था होती. खर्चाचा प्रश्न दरबारच्या आश्रयाने मिटत असे. 1851 साली चिंतामणराव निवर्तले, आश्रय आटला, आणि मंडळीला गावोगाव फिरून, पुढे मुंबईतही, तिकिटांच्या उत्पन्नावर उभे राहावे लागले. माझ्या मते अवाढव्य अंदाजपत्रकाचे मूळ ह्या स्थित्यंतरात आहे. कारण दाता एक होता तेव्हा त्याची मर्जी राखणे पुरे होते, परंतु दाता सहस्रमुखी झाला तेव्हा दर खेपेस त्याला काल पाहिले त्याहून भव्य काही दाखविणे भाग पडले.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 1880 च्या ‘शाकुंतला’ने गायन नाटकाच्या केंद्रस्थानी आणले. त्या परंपरेचा खर्चिक कळस मात्र स्त्रीभूमिका करणारे गायकनट बालगंधर्व यांनी गाठला. गोविंदराव टेंबे व गणेशराव बोडस यांच्यासह 1913 साली स्थापिलेल्या गंधर्व नाटक मंडळीत भरजरी शालू, अस्सल अलंकार, गालिचे, अत्तराचा सुवास, हे सर्व प्रेक्षकांच्या, त्यांच्याच शब्दांत मायबापांच्या, सेवेत गणले जाई. हा डौल केवळ अहंकाराचा नव्हता, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करावे. बनावट वस्तू मायबापांपुढे ठेवणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटे.

1919 साली, राम गणेश गडकरी यांच्या निधनानंतर अवघ्या काही आठवड्यांत, मंडळीने त्यांचा ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणला. ठिगळांचे लुगडे नेसून जात्यावर बसलेली बालगंधर्वांची नायिका सिंधू पाहून प्रेक्षागृहे रडली. त्या दृश्याला भरजरी काहीच लागले नाही. आणि पुढच्याच वर्षी तीच मंडळी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘द्रौपदी’कडे वळली. सभापर्वातील मयसभा म्हणजे जमिनीचे पाणी व पाण्याची जमीन भासविणारी असुरशिल्पाची करामत. ती लाकूड, कापड आणि काच यांनी साकारण्याच्या ईर्ष्येत पाऊण लाख रुपयांच्या आसपास खर्च झाल्याची हकीकत सांगितली जाते, आणि ज्या काळी शाळामास्तराचा मासिक पगार दोन आकडी असे, त्या काळातील ही रक्कम आहे. 1921 च्या सुमारास मंडळीवर लाखाच्या वर कर्ज झाले. मालकीसह कर्जही बालगंधर्वांकडे आले, आणि नादारीचा मार्ग न पत्करता ते प्रयोगांच्या उत्पन्नातून फेडण्याचा भार त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतला. त्याच 1921 साली गायकनट केशवराव भोसले यांच्यासह टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी मुंबईत केलेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग हे त्या कालखंडाचे सर्वात उज्ज्वल स्मरण होय, तेथे लोकांनी मोजलेले पैसे नेपथ्यासाठी नसून दोन गळ्यांसाठी होते.

याच मंडळीने सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला अहमदजान थिरकवाँ यांच्यासारखे कलावंत पोसले, त्यावरही पैसा ओतलाच; परंतु ह्या खर्चाचे व्याज शंभर वर्षे मराठी गायनाला मिळत आहे. मयसभेचे सामान मात्र प्रयोग थांबले तशी कुणाच्या उपयोगाचे उरले नाही. स्पायडरमॅनच्या उड्डाणयंत्रांचा न्याय यापेक्षा निराळा नाही. दिव्य पराक्रम यंत्राने दाखवू लागलो, की प्रेक्षकाची कल्पना आपले काम थांबविते, आणि तिने सोडलेले काम पैशाने पुरे करावयाचे तर त्या पैशाला सीमा राहत नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे आज नाट्यगृहे आहेत, आणि मुलांसाठी एखाद्या चित्रकथेतील वीराचे संगीत नाटक बेतणारे निर्मातेही पुढे येतील. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत पदे लिहिणाऱ्याचे, गाणाऱ्याचे व वाजविणाऱ्यांचे मानधन मांडावे, आणि नेपथ्याला उरलेल्या रकमेतून वाटा द्यावा.