स्पेक्ट्रम की बीबीसी मायक्रो?

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये घरगुती संगणक घेणे ही जोखीमच होती. प्रत्येक कंपनीचे यंत्र वेगळे. एकाच्या कॅसेटवरचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नसे. एकदा घेतले की त्याच्याशीच जुळवून घ्यायचे.

बहुतेक पालकांपुढे प्रश्न असे तो दोन यंत्रांचा. डिसेंबर 1981 मध्ये आलेला बीबीसी मायक्रो एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या संगणक साक्षरता उपक्रमासाठी बनवला होता. कीबोर्ड भक्कम, प्रिंटर जोडायची सोय. शाळांना तो घेताना निम्मी रक्कम सरकारकडून मिळे, म्हणून मूल शाळेत बहुधा यावरच शिके. पण 32 केबीच्या ‘मॉडेल बी’ला 399 पौंड मोजावे लागत.

एप्रिल 1982 मध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला, 48 केबी आणि 175 पौंड! कळा मात्र रबरी. पडद्यावरच्या 8 बाय 8 ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग बसत, त्यामुळे खेळातली चित्रे एकमेकांवरून सरकली की रंग बिघडत.

जाहिरातीत न दिसणारी गोष्ट मेमरीची. बीबीसीवर सर्वांत सुबक चित्र हवे असेल तर 20 केबी पडद्यातच जात. स्पेक्ट्रमला सातही पुरत. म्हणजे महागड्या यंत्रात प्रोग्रामला जागा कमी! खेळांचा सुकाळही स्पेक्ट्रमवरच. ‘अभ्यासासाठी’ म्हणून घेतलेल्या स्पेक्ट्रमवर मुले काय करत, ते सांगायला नको.

भारतात 1984 मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांमध्ये पोहोचला तो बीबीसी मायक्रो.